चौदा टक्क्यांपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत

सासूबाईंचं शिवणाचं दुकान बंद होऊन तीन महिने झाले आणि घरातली एकेक वस्तू कपडे घालून बसू लागली. दुकानाची इमारतच पाडायला काढली होती, त्याला त्या तरी काय करणार? हातमशीन उचललं आणि लेकीकडे राहायला आल्या. पण चाळीस वर्षं कापडाशी झटलेले हात असे मांडीवर गप्प बसतात होय? पहिल्या आठवड्यात सोफ्याला खोळ चढली. दुसऱ्या आठवड्यात मिक्सर, इस्त्री आणि गॅसचा सिलिंडर यांना झालरीचे झगे झाले. घरात उघडंनागडं काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर जावईबापूंच्या शर्टांकडे वळली.

"ढगळ दिसतात हो," असं म्हणत त्यांनी एकेक शर्ट बाजूने आत घ्यायला सुरुवात केली. एके दिवशी ऑफिसात जावईबापूंना शिंक आली आणि पोटावरचं बटण समोर बसलेल्या साहेबांच्या चहात जाऊन पडलं. त्या संध्याकाळी त्यांनी मनाशी पक्कं केलं, की या बाईला काम मिळवून द्यायचं. बटणांची काळजी होतीच, नाही कशाला म्हणा. पण दुपारच्या वेळी रिकाम्या हातांनी खिडकीत बसलेल्या सासूबाई त्यांना खरोखर बघवत नव्हत्या.

जावईबापू बसडेपोत ड्यूटीचा तक्ता लावत. कोणता ड्रायव्हर कोणती गाडी किती वाजता काढणार हे ते ठरवत, आणि खिशातल्या छोट्या वहीत मिनिटामिनिटाची नोंद ठेवत. डेपोत मागून त्यांना सगळे 'सेकंदकाटा' म्हणत. त्यांची एक युक्ती होती. सहाच्या गाडीच्या ड्रायव्हरला ते साडेपाचची वेळ देत, म्हणजे तो बरोबर सहाला उगवे. हीच युक्ती त्यांनी लग्नानंतर घरातही चालू केली. घरच्यांनी ती पहिल्याच वर्षी ओळखली. कुणी काही बोललं मात्र नाही. जावईबापूंनी वेळ सांगितली की मनातल्या मनात अर्धा तास मिळवायचा, इतकंच. दोन्ही पक्ष समाधानात होते.

अशात एका नाटक कंपनीची जाहिरात आली. कपडेपटासाठी अनुभवी शिंपीण हवी, राहायला खोली मिळेल. सासूबाईंनी जावयाच्या फोनवरून अर्ज धाडला आणि चार दिवसांत मुलाखतीचं बोलावणं आलं.

"शुक्रवारी दुपारी अडीचला," जावईबापूंनी जाहीर केलं. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं आणि शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

पण त्याच रात्री बायकोचा बांध फुटला. "पावणेतीनशे किलोमीटर आहे हो ते गाव. मागे गेलो होतो तेव्हा आठवतं ना काय झालं ते?"

आठवायला नको होतं, पण आठवत होतं. त्यांची गाडी विजेवर चालणारी. रोज रात्री घरच्या प्लगला लावायची आणि सकाळी भरलेली घ्यायची, गावातल्या गावात सोन्यासारखी गाडी. पण लांबच्या प्रवासात वाटेवरच्या लॉजचा प्लग शोधायचा, तो नेमका स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे निघायचा, आणि गाडी भरेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचा. त्या खेपेला जायला दोन दिवस लागले आणि यायला दोन. तेव्हापासून या घरात चार्जिंग म्हणजे अंथरूण पसरणे, असाच अर्थ होता.

"आईला बघायला जायचं म्हणजे चार दिवसांची रजा," बायको डोळे पुसत म्हणाली. "उद्या ती आजारी पडली तर मी पोचणार कधी?"

"आता निम्म्या वाटेवर फास्ट चार्जिंगचं स्टेशन झालंय," जावईबापू म्हणाले. "चोवीस मिनिटांत चौदा टक्क्यांचे ऐंशी. साडेपाच तासांत दारात. सकाळी निघून संध्याकाळी आईच्या हातचा चहा."

"तुमची चोवीस मिनिटं," बायको म्हणाली. त्या तीन शब्दांत लग्नाची अकरा वर्षं होती.

"लावतेस पैज?"

"पैज नाही, अट. शुक्रवारी वेळेवर पोचलो तर आईने खुशाल जावं. नाही पोचलो तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. चालेल, आई?"

सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. एका फटक्यात ओवला आणि म्हणाल्या, "चालेल. आणि मी पोचणार."

शुक्रवारी गाडी नऊच्या ठोक्याला निघाली. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या पायाशी हातमशीन आणि मांडीवर नमुन्याचा झगा. काळ्या मखमलीचा राणीचा झगा होता तो, आणि पाठीला आतून शिवलेली लांबलचक काळी चेन होती, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी. नटीने विंगेत शिरावं, चेन ओढावी आणि राणीची भिकारीण होऊन बाहेर पडावं. सगळी करामत त्या चेनमध्ये होती.

अकरा वाजून चोपन्न मिनिटांनी गाडी स्टेशनवर चार्जिंगला लागली. दोन यंत्रं होती, त्यातलं एक बंद. देखरेखीला साठीचे एक काका होते. त्यांनी उभा जन्म एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली होती आणि मजले पुकारायची सवय हाडात मुरली होती. इथे मजले नव्हते, म्हणून ते पडद्यावरचे टक्के पुकारत.

"चौदा," लिफ्टकाका खणखणीत आवाजात म्हणाले.

जावईबापूंनी वहीत वेळ टिपली आणि वेळापत्रकाप्रमाणे चेहरा धुवायला व पाण्याच्या बाटल्या भरायला गेले. याला नऊ मिनिटं धरली होती. माणसाने नऊ मिनिटं सासूला एकटं सोडू नये, हे त्यांच्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कारण नेमके तेव्हाच सासूबाईंना एक वकील दिसले. त्यांची गाडी नुकतीच भरून बाजूला उभी होती. काळा कोट, काळी पँट, आणि हातातली जाडजूड फाइल दोन्ही हातांनी पोटाखाली धरून ते गाडीकडे तिरके तिरके चालले होते.

"वकीलसाहेब, इकडे या," सासूबाई म्हणाल्या. "चेन गेली ना?"

वकील जागच्या जागी थिजले. "तुम्हाला कसं कळलं?"

"फाइल तिथे धरून खेकड्यासारखा चालणारा माणूस आणखी कशाने चालेल? कशी गेली?"

"ती चार्जिंगची केबल फार जड हो. उचलायला वाकलो आणि गेली. एक वाजता उलटतपासणी आहे माझी. कोर्ट इथून वीस मिनिटांवर. फाइल खाली ठेवून बोलायचं कसं?" वकील रडकुंडीला आले होते.

"पँट काढा."

"इथे?"

"इथे कशाला? गाडीत बसून काढा, कोट मांडीवर घ्या आणि पँट खिडकीतून द्या."

"आई," लेक हळूच म्हणाली, "चोवीस मिनिटांत निघायचंय म्हणतात हे."

"म्हणतात," सासूबाई म्हणाल्या आणि बाकावर मशीन मांडलं. त्यांच्या हिशेबाने चार्जिंग म्हणजे निदान तासभर. आणि अडीच म्हणजे तीन. वेळच वेळ होता.

जावईबापू बाटल्या घेऊन परतले तेव्हा लिफ्टकाका "एकेचाळीस" पुकारत होते आणि बाकावर एका पँटचे पाच तुकडे वाळत घातल्यासारखे पसरले होते.

"आई, हे काय आहे?"

"वकिलांची पँट. निघाले होते चेन बदलायला, पण हा कंबरपट्टा बघा. शिंप्याने लावलाय की गवंड्याने? सगळा उसवला. खिसेही काढले, आतून कुजले होते."

जावईबापूंनी बाजूच्या गाडीकडे पाहिलं. काचेआडून एक चेहरा त्यांच्याकडे आशेने बघत होता.

"पण आई, गाडी भरत आली."

"उगाच घाई करू नका. आत्ता तर चौदा होती."

"त्रेचाळीस," लिफ्टकाका म्हणाले.

सासूबाईंनी मान वर केली. "किती?"

"चव्वेचाळीस."

"मेलं हे यंत्र आहे की काय आहे?" सासूबाईंच्या हातातली कात्री पहिल्यांदा थांबली. "तासभर लागतो ना?"

"म्हणून तर सांगत होतो, हे फास्ट आहे. चोवीस मिनिटं म्हणजे चोवीसच."

"तुम्ही सांगता त्यावर कधी कुणी विश्वास ठेवलाय का?" शब्द तोंडातून निघून गेल्यावर सासूबाई चपापल्या. पण हातांनी तोवर डबा उघडला होता. डब्यात पांढरी चेन होती, लाल होती आणि एक गुलाबी होती. काळी नव्हती.

"गुलाबी चालेल का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"कोर्टात?" गाडीतून क्षीण आवाज आला.

सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग उठल्या, गाडीतून राणीचा झगा आणला आणि जावईबापू "अहो, अहो" म्हणेपर्यंत पाठीची चेन सर्रकन उसवून मोकळी केली.

"आई, तो नमुना आहे. तोच तर दाखवायचाय तिथे."

"नमुना खुंटीला टांगायचा असतो. हा माणूस चारचौघांत उभा राहायचाय."

"आणि तुमची मुलाखत?"

"हातात घेतलेलं काम टाकून मी कधी उठले नाही. आज उठले तर तिथे जाऊन कुठल्या तोंडाने सांगू, की मी शिंपीण आहे?" त्यांनी चेनला चिकटलेले दोरे झटकले. "आणि एवढं तोंड कशाला पाडता? अडीच सांगितलंत ना, म्हणजे तीन. निघू आरामात."

 जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. तिनेही सहज मान हलवली, म्हणजे तीनच की.

"तुम्हा दोघींना हे माहीत आहे?"

"अकरा वर्षं," बायको म्हणाली.

"अहो पण या वेळी खरंच अडीच आहे," जावईबापूंचा आवाज चिरकला. "आईचा प्रश्न होता म्हणून आयुष्यात पहिल्यांदा खरी वेळ सांगितली मी. हे बघा." त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, दुपारी अडीच, उशीर झाल्यास येऊ नये.

"सदुसष्ट," लिफ्टकाका म्हणाले.

सासूबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, पदर खोचला आणि मशीनचं चाक धरलं. "टक्के सांगत राहा हो," त्या लिफ्टकाकांना म्हणाल्या, आणि मशीनने जो सूर धरला तो ऐकून बाजूच्या गाडीतले वकीलही सरळ होऊन बसले. कुजलेल्या खिशांना नवं कापड लागलं, सुटे तुकडे एकमेकांना भेटले. बारा अठराला "ऐंशी" झाले, तेव्हा पँटला पँटचा आकार आला होता. चेन आणि कंबरपट्टा बाकी होता.

नेमका त्याच वेळी मागे एका टॅक्सीने हॉर्न वाजवला.

यंत्राशेजारी पाटी होती: रांग असल्यास ऐंशी टक्क्यांनंतर गाडी काढावी. अशा पाट्या लिहिण्यातच जावईबापूंचा जन्म गेलेला. ते खाली मान घालून टॅक्सीपाशी गेले. काच खाली झाली आणि आत एक ओळखीची मिशी दिसली. हा त्यांच्याच डेपोतला जुना ड्रायव्हर होता, नोकरी सोडून टॅक्सी घेतलेला.

"कोण, सेकंदकाटा साहेब?" टॅक्सीवाला गोड हसला. "ऐंशी झाले की. पाटी वाचता येते ना?"

"दहा-बारा मिनिटं दे रे. अडचण आहे."

"मला चार मिनिटं उशीर झाला होता. मुलगी तापाने फणफणली होती. तुम्ही म्हणालात, अडचणी सगळ्यांना असतात, लेखी खुलासा द्या."

जावईबापूंना ते आठवलं. खुलासा त्यांनी फाइलला लावला होता, मुलीची चौकशी करायची राहून गेली होती. "कशी आहे मुलगी आता?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांनाच लाज वाटली.

"कॉलेजला आहे. खुलासा द्या."

जावईबापूंनी वही काढली आणि टॅक्सीच्या टपावर ठेवून लिहिलं: सदर गाडी विहित मर्यादेपेक्षा अधिक काळ यंत्रावर ठेवण्यात आली. कारण, अर्जदाराच्या सासूबाईंनी वकिलांची पँट उसवली आहे. पुन्हा असे होणार नाही. खाली सही केली, तारीख घातली, पान फाडून दिलं. टॅक्सीवाल्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि इंजिन नसलेली ती टॅक्सी बंद करून पाय पसरले.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "दहा वर्षं वाट बघितली मी या कागदाची."

इकडे पँट वाजू लागली. फोन खिशातून काढायचा राहून गेला होता आणि सासूबाईंनी नव्या खिशात तो पुन्हा जसाच्या तसा ठेवला होता. चाक सोडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी कोपराने बटण दाबलं.

"साहेब आहेत का? कोर्टातून बोलतोय," आतून आवाज आला.

"साहेब आत्ता पँटमध्ये नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "कंबरपट्टा लागला की धाडते."

 पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

ऐंशीनंतर यंत्राचा जोर ओसरतो. मघाशी धावत सुटलेले टक्के आता एकेक पायरी चढू लागले आणि लिफ्टकाकांचा आवाज आपोआप हळू झाला. "ब्याऐंशी." चेन टाचली. "चौऱ्याऐंशी." चेनवर टीप पडली. "सत्त्याऐंशी." कंबरपट्टा बसला. लेकीने दातांनी दोरा तोडला. "अठ्ठ्याऐंशी" म्हणायला आणि पँट खिडकीतून आत जायला एकच गाठ पडली. बारा वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. वकील गाडीतून उतरले तेच ताठ चालत. फाइल त्यांनी पहिल्यांदा काखेत मारली.

"काकू, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उभं राहून बोला, म्हणजे फिटले," सासूबाई म्हणाल्या. मशीन आधीच गाडीत चढलं होतं.

पुढचे दोन तास जावईबापूंचा एक डोळा घड्याळावर होता. रस्ता डोंगराचा होता, आणि वेळापत्रकात जी दहा मिनिटं शिल्लक धरली होती ती सगळी वकिलांच्या पँटला लागली होती. सासूबाई मांडीवरच्या झग्यावरून हात फिरवत होत्या. पुढून राणी, मागून उघडी.

"चुकलंच माझं," त्या एकदा म्हणाल्या. "काम हवंय रे मला. खूप हवंय." एरवी त्या जावयाला अहो-जाहो करत. तो 'रे' ऐकला आणि जावईबापूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

नाट्यगृहाच्या मागच्या दारापाशी गाडी थांबली तेव्हा घड्याळात दोन चौतीस झाले होते. चार मिनिटं उशीर. जावईबापूंना टॅक्सीवाल्याची मिशी डोळ्यांपुढे दिसली.

कपडेपटाची खोली मोठी होती. दांड्यांवर राजे, शिपाई आणि म्हाताऱ्या ओळीने लटकत होत्या. मधल्या टेबलाशी गळ्यात टेप घातलेल्या एक उंच बाई डबा खात बसल्या होत्या. त्या कपडेपटाच्या प्रमुख. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग तिघांकडे.

"उशीर झाला," सासूबाईच बोलल्या. "कारण आहे, पण उशीर तो उशीरच."

"नमुना आणलाय?"

सासूबाईंनी झगा टेबलावर ठेवला. प्रमुख बाईंनी हात पुसले, मखमल उलटसुलट केली, टीप बोटाने चाचपली. मग पाठ उलगडली. "याची चेन कुठे आहे?"

"वकिलांच्या पँटला."

प्रमुख बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "नीट सांगा."

सासूबाईंनी सांगितलं. वाढवलं नाही, घटवलं नाही. लेक भिंतीकडे बघत उभी होती.

"चेन बसवायला वेळ किती लागला?"

"ऐंशी टक्क्यांपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

आता जावईबापू पुढे झाले. अकरा वर्षं सासरी जिची चेष्टा झाली ती वही त्यांनी उघडली. "अकरा चोपन्न, चौदा टक्के, पँट उसवायला घेतली. बारा अठरा, ऐंशी टक्के, जोडणी पूर्ण. बारा एकोणतीस, अठ्ठ्याऐंशी टक्के, चेन आणि कंबरपट्टा पूर्ण. म्हणजे शेवटचं काम अकरा मिनिटांत."

"आमचं मध्यंतर बारा मिनिटांचं असतं," प्रमुख बाई म्हणाल्या. त्यांनी खण उघडून एक लांब काळी चेन काढली आणि झग्यावर ठेवली. "बसवा."

सासूबाईंनी आपलं हातमशीन मांडलं.  मखमल घसरणारी, चेन हातभर लांब. त्यांनी सुई धरली, पुन्हा सोडली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "टक्के सांगा."

जावईबापूंनी मिनिटाला आठ टक्के असा हिशेब बांधून मनगट डोळ्यांपुढे धरलं. लिफ्टकाकांसारखा खणखणीत आवाज काढला. "चौदा."

चाक फिरू लागलं. "बावीस," जावईबापू म्हणाले. "तीस." सासूबाईंचे खांदे खाली आले, हात लयीत आले. डावी बाजू पन्नासला संपली. लेक आपोआप पुढे झाली आणि मखमल ताणून धरू लागली. "एकोणसाठ. अडुसष्ट."  सत्त्याहत्तरला सासूबाईंनी दोरा तोडला, चेन खालून वर सर्रकन ओढली आणि हात मांडीवर ठेवले. आठ मिनिटं झाली होती. ऐंशीही भरले नव्हते.

प्रमुख बाईंनी चेन तीनदा वरखाली केली. झगा दांडीवर राजाशेजारी टांगला. मग पुन्हा टेबलाशी बसून डबा उघडला आणि उरलेलं निवांत संपवलं.  शेवटी त्यांनी हात धुतले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक कागद पुढे ओढला.

"तीन वाजले," त्या म्हणाल्या. "मुलाखत सुरू करू या."

"मुलाखत अडीचला होती ना?" जावईबापूंनी विचारलं.

"तीनचीच होती. पण वेळेवर कोण येतं हो? तीनची वेळ दिली तर साडेतीनला उगवतात. म्हणून मी सगळ्यांना अर्धा तास आधीची सांगते. तुम्ही लवकर आलात. रिकामं बसवण्यापेक्षा म्हटलं एक चेन लावून घ्यावी."

जावईबापू त्यांच्याकडे बघत राहिले. एवढी समजूतदार बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. बायको मात्र तोंडाला पदर लावून दांडीवरच्या शिपायांच्या मागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मुलाखतीत एकच प्रश्न विचारला गेला. कधीपासून येणार?

"सोमवारपासून," सासूबाई म्हणाल्या.

गावातल्या यंत्रावर गाडी भरून घेतली आणि संध्याकाळी परतीच्या वाटेवर ती त्याच स्टेशनवर लागली. लिफ्टकाकांनी "एकोणीस" पुकारलं. बायकोने बाकावर बसून चहा घेतला आणि तो संपेपर्यंत साठ झाले. ती पडद्याकडे बघत होती.

"खरंच चोवीस मिनिटं आहेत की हो," ती म्हणाली.

"मग? जायचं दर पंधरा दिवसांनी?"

"जायचं," ती म्हणाली आणि नाक ओढलं. "आता वेळ खरी सांगत जा पण. मीही काही मिळवणार नाही."

जावईबापूंनी लगेच वही काढून नवं वेळापत्रक आखलं. नऊला प्रस्थान, अकरा चोपन्नला स्टेशन, चार्जिंग चोवीस मिनिटं, अडीचच्या आत आईच्या दारात. दोनदा तपासलं आणि कौतुकाने मागे सासूबाईंकडे दिलं.

सासूबाईंनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पेन मागितलं, चोवीसवर काट मारली आणि चाळीस लिहिलं.

"अहो आई, चोवीसच लागतात, आत्ता बघितलंत ना?"

"गाडीला लागतात," सासूबाई म्हणाल्या. "पण रस्त्यात कुणाची ना कुणाची चेन गेलेली असतेच." आणि वही परत देऊन त्या, वकिलांच्या पँटला लावून उरलेला काळ्या चेनचा तुकडा डब्यात नीट गुंडाळून ठेवू लागल्या.